सिहोरा कोणते? हरवलेल्या टपालाचा माग काढण्याचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून बपेरा नावाचे गाव आहे. बावनथडीपलीकडे बालाघाट जिल्हा सुरू होतो. जवळचे मोठे गाव सिहोरा. आता नकाशावर थोडे उत्तरेला सरका. जबलपूर जिल्ह्यातही एक सिहोरा आहे आणि ते तालुक्याचे ठिकाण आहे. ‘बपेरा, सिहोरा’ एवढेच लिहिलेले पाकीट कोणत्या दिशेला जाईल? आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘नोंद सापडत नाही’ अशी ओळ उमटली की जी अस्वस्थता येते, तिचे मूळ या जुन्या प्रश्नात आहे. वाटेत असलेली वस्तू या क्षणी कोणाच्या हाती आहे, हे समजण्यासाठी माणसाने काय काय केले, त्याचा हा मागोवा. (धागा)

आरंभ पेशवाईपासून करणे सोयीचे. त्या काळी सरकारी पत्रे जासूद आणि हरकारे नेत. जासूद पुष्कळदा एकटा जात नसे, जोडी जाई. कागदपत्रांत ‘जासूद जोडी’ हा शब्द वारंवार येतो. एक आजारी पडला, पकडला गेला वा नदीच्या पुरात अडकला तरी दुसऱ्याने पत्र पुढे न्यावे, निदान काय घडले ते तरी सांगावे, हा त्यातला व्यवहार. पत्र पोचल्यावर त्यावर पोचल्याची तिथी टाकत; हिलाच ‘पैवस्ती’ म्हणत. लिहिल्याची तिथी एक आणि पैवस्तीची दुसरी. या दोहोंतले अंतर पाहून पत्र वाटेत किती दिवस होते, हे आजचा अभ्यासकही काढू शकतो. पत्राच्या आरंभी ‘आपले अमुक तिथीचे पत्र पावले’ असे लिहिण्याची रीत केवळ शिष्टाचार नव्हती. ती पोचपावती होती. उत्तरात एखाद्या पत्राचा उल्लेख नसला की पाठवणाऱ्याला कळे, ते पत्र वाटेत गेले.

सावकारांची व्यवस्था मात्र दरबाराहूनही काटेकोर होती, कारण तेथे पैसा गुंतलेला असे. हुंडी हरवली तर काय? तिची दुसरी प्रत लिहीत, तिला ‘पेठ’ म्हणत. पेठही गहाळ झाली तर ‘परपेठ’, आणि तीही गेली तर ‘मेजर’. प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रती हरवल्याचा उल्लेख असे, म्हणजे एकाच रकमेचे दोनदा देणे होऊ नये. पैसे चुकते झाले की मूळ हुंडी ‘खोका’ ठरे. हरवणे गृहीत धरून, हरवल्यानंतरच्या तीन पायऱ्यांना आधीच नावे देऊन ठेवणारी ही पद्धत आहे. आजच्या कित्येक तक्रार निवारण कक्षांना इतकी दूरदृष्टी साधलेली नाही.

या सावकारी डाकेचा वेग किती होता, याचे उदाहरण मराठी इतिहासातले सर्वांत दुःखद आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर संहार झाला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. त्यांना निश्चित बातमी मिळाली ती दरबारी यंत्रणेकडून नव्हे, सावकारी कासिदाजवळच्या पत्रातून. त्या पत्रात हानीचा हिशेब मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत होता. दरबाराची डाक मोडली होती. व्यापाराची चालू होती.

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने आपल्या मुलखात सार्वजनिक टपाल सुरू केले. तेव्हा नागपूरला भोसल्यांचे राज्य होते आणि भंडारा त्यांच्याच अमलाखाली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि वैनगंगेचे खोरे इंग्रजी टपालाच्या जाळ्यात आले. योगायोग असा की १८५४ हेच टपालाच्या पुनर्रचनेचे वर्ष. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून अंतर कितीही असो, ठरावीक वजनाच्या पत्राला अर्धा आणा हा दर देशभर लागू झाला आणि त्यासाठी तिकिटे आली.

स्वस्त टपालाने पत्रे वाढली आणि हरवण्याच्या तक्रारीही वाढल्या. टपालातून नोटा पाठवणारे लोक तेव्हा एक विलक्षण युक्ती करीत. नोट मधोमध कापायची. एक अर्धा भाग आज पाठवायचा. तो पोचल्याचे उत्तर आले की दुसरा. वाटेत एक भाग चोरीस गेला तरी चोराच्या हाती निम्मा कागद. जासूद जोडीचेच हे कागदी रूप म्हणायला हरकत नाही.

सरकारचे उत्तर होते नोंदणी, म्हणजे रजिस्टर टपाल. त्याची मूळ कल्पना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आजची सारी ‘ट्रॅकिंग’ व्यवस्था तिच्यावरच उभी आहे. नोंदणीकृत पत्राला क्रमांक मिळतो. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा घेणारा सही करतो. कारकून, थैली बांधणारा, गाडीतला सॉर्टर, उतरवून घेणारा, पोस्टमन आणि शेवटी मालक, प्रत्येक जण सही करून आधीच्याला मोकळे करतो. पत्र हरवले तर ते कोठे आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शेवटची सही कोणाची, हे विचारले जाते. सह्यांची साखळी जेथे तुटते, तेथील माणूस जबाबदार.

यानंतर पायऱ्या भराभर वाढल्या. १८७७ मध्ये व्हीपीपी आली: माल आधी, पैसे दारात. १८७८ मध्ये विमा आला आणि १८८० मध्ये मनिऑर्डर. नोट कापण्याची गरज मनिऑर्डरीने पुष्कळशी संपवली. व्हीपीपीमुळे पुण्या-मुंबईच्या छापखान्यातले पुस्तक वा औषधाची बाटली तुमसरसारख्या गावी मागवता येऊ लागली. मात्र व्हीपीपीत माल एका दिशेला जातो आणि पैसा उलट दिशेला येतो, म्हणून माग दोन वस्तूंचा ठेवावा लागे. पार्सल पोचले पण पैसे आले नाहीत, ही तक्रार टपाल खात्याच्या पाचवीलाच पुजलेली होती.

१ मे १८६३ रोजी अलाहाबाद आणि कानपूरदरम्यान चालत्या आगगाडीत टपाल वर्गीकरणाचा पहिला प्रयोग झाला. त्यातून रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे ‘आरएमएस’, उभी राहिली. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने नागपूरच्या पूर्वेचा प्रदेश जोडला आणि तुमसर रोड हे त्या मार्गावरचे स्थानक झाले. रात्री कंदिलाच्या उजेडात, हलत्या डब्यात उभा असलेला सॉर्टर खणाखणांच्या कपाटात पत्रे फेकत असे. त्याला शेकडो गावे तोंडपाठ लागत. आणि येथेच दोन सिहोऱ्यांचा प्रश्न उभा राहतो.

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. भंडारा त्यात आणि जबलपूरही त्यातच. म्हणजे पत्त्याखाली ‘मध्य प्रांत’ लिहिले तरी सिहोरा कोणते, ते उलगडत नसे. जिल्हा लिहिणे भाग होते. आणि जिल्हा लिहिण्याची सवय लोकांना कोठे होती? पत्ता म्हणजे नाव, बापाचे नाव, जात, धंदा, कोणत्या देवळाशेजारी वा विहिरीजवळ. गावातल्या माणसाला तो पत्ता अचूक. तीनशे मैलांवरच्या सॉर्टरला निरर्थक.

ज्या पत्रांचा मालक सापडत नसे, ती ‘डेड लेटर ऑफिसा’त जात. पुढे त्याचेच ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ झाले. टपाल उघडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्याचा अधिकार तेथील कर्मचाऱ्यांना होता. अनेक लिप्या वाचणारी माणसे तेथे बसत. मोडीत लिहिलेला पत्ता, खाली फारसी धाटणीचे गावनाव, शिवाय कोपऱ्यात कोणीतरी इंग्रजीत केलेला चुकीचा उच्चार, अशा पाकिटाची कल्पना करा. त्या माणसांचे काम इतिहाससंशोधकाच्या कामापेक्षा फार वेगळे नव्हते.

हरवलेल्या नोंदणी टपालासाठी खात्याजवळ आणखी एक साधन होते: ‘सर्च बिल’. तक्रार आली की एक छापील कागद निघे. तो पत्राने जो मार्ग घेतला असेल त्याच मार्गाने कार्यालयामागून कार्यालय प्रवास करी. प्रत्येक ठिकाणी लिहिले जाई: अमुक तारखेला आले, अमुक थैलीतून पुढे पाठवले. जेथे ‘आल्याची नोंद नाही’ असा शेरा पडे, तेथे चौकशी थांबे आणि खरी सुरू होई. हरवलेल्या पत्राच्या पावलावर पाऊल टाकत जाणारे दुसरे पत्र! आज संगणक क्षणात जे दाखवतो, तेच हा कागद आठवडे घालवून करी. पद्धतीत फरक नाही, वेगात आहे.

मात्र या सगळ्या काटेकोरपणाच्या पाठीशी एक कडू कलम होते. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या कलम ६ ने टपाल हरवणे, चुकीच्या जागी जाणे, विलंब होणे वा खराब होणे याबद्दल सरकारला दायित्वातून मुक्त ठेवले. कर्मचाऱ्याने लबाडीने वा जाणूनबुजून तसे केले असेल तेवढाच अपवाद, आणि तोही त्या कर्मचाऱ्यापुरता. म्हणजे माग काढण्याची पराकाष्ठा करायची, पण माग तुटला तर खाते भरपाईस बांधील नाही. साम्राज्याच्या सोयीचे हे कलम स्वतंत्र भारतातही पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ टिकले. ते ज्या कायद्यात होते तो बदलून २०२३ चा टपाल कार्यालय कायदा आला आणि जून २०२४ मध्ये अमलात आला. त्यातही दायित्वाची दारे फारशी उघडलेली नाहीत. खात्याने नियमांनी स्वतः मान्य केलेली भरपाई मिळते. स्पीड पोस्टचे टपाल हरवल्यास आकाराच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांतले जे कमी असेल ते, असा नियम ग्राहक न्यायालयांतल्या वादांमुळे पुष्कळांना ठाऊक झाला. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे ज्याच्या हाती मुलाखतीनंतर पडले, त्याच्या नुकसानीशी या रकमेचा काही संबंध नाही, हे उघड आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, बालाघाट आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. दोन सिहोरे पहिल्यांदा दोन राज्यांत गेले. बपेऱ्याजवळची नदी आता राज्यांची सीमा झाली. पत्त्याखाली राज्याचे नाव लिहिणाऱ्यांची अडचण त्या दिवशी थोडी हलकी झाली असेल. न लिहिणाऱ्यांची तशीच राहिली.

ती सोडवली एका संस्कृत पंडिताने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि टपाल व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. त्याचबरोबर ते संस्कृत कवी आणि नाटककार होते. सरळ वाचता एक अर्थ आणि उलट वाचता दुसरा अर्थ देणारे विलोमकाव्य त्यांनी रचले. अक्षरांच्या क्रमाचे मोल जाणणाऱ्या या माणसाने देशाला अंकांचा क्रम दिला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड सुरू झाला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरण जिल्ह्याचा आणि अखेरचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. भौगोलिक विभाग आठ, नववा सैन्याच्या टपालासाठी.

आता दोन सिहोऱ्यांकडे परत पाहा. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचाही पहिला अंक ४. म्हणजे पहिला अंक काही सांगत नाही. दुसऱ्यावर वाटा फुटतात: विदर्भाला ४४, जबलपूर-बालाघाटाकडे ४८. तुमसरचे सिहोरा ४४१ ने सुरू होते, जबलपूरचे ४८३ ने. लिपी कोणतीही असो, हस्ताक्षर कसेही असो, एका अंकाने शंभर वर्षांचा घोळ मिटतो. आणखी एक गंमत: १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण दोन्हीकडचे पिन ४४१ नेच सुरू होतात. महसुलाचा नकाशा बदलला, टपालाचा नाही. ‘पत्त्यावर जिल्हा गोंदिया आणि पिन भंडाऱ्यासारखा’ दिसला म्हणून चूक झाली असे समजू नये.

पिन कोडात एक उणीव आहे. तो स्वतःची चूक ओळखू शकत नाही. ४४१९१२ हा तुमसरचा पिन. अखेरचे दोन अंक घाईत उलटे लिहिले तर पुन्हा सहा अंकीच आकडा तयार होतो आणि यंत्राला त्यात वावगे काही दिसत नाही. टपालाच्या मागचा क्रमांक, म्हणजे पावतीवरचा तेरा खुणांचा क्रमांक, याबाबतीत अधिक शहाणा आहे.

१ ऑगस्ट १९८६ रोजी स्पीड पोस्ट सुरू झाले आणि पुढे बारकोड आले. त्यावरील क्रमांकाची रचना जागतिक टपाल संघाच्या ‘एस १०’ या मानकाप्रमाणे असते. आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. भारतासाठी ‘आय’ आणि ‘एन’. पहिले अक्षर सेवा सांगते: ‘ई’ म्हणजे द्रुत टपाल, ‘आर’ म्हणजे नोंदणीकृत, ‘सी’ म्हणजे पार्सल. नऊ अंकांपैकी आठ खरे, नववा पहारेकरी.

पहारेकरी कसा ठरतो? आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचे. गुणाकारांची बेरीज करून ११ ने भागायचे. बाकी ११ मधून वजा करायची. उरेल तो नववा अंक. (१० उरले तर ० आणि ११ उरले तर ५ धरतात.) समजा आठ अंक १२३४५६७८ आहेत. बेरीज होते ८ + १२ + १२ + ८ + १५ + ३० + ६३ + ५६ = २०४. ११ ने भागता बाकी ६, म्हणून नववा अंक ५. आता घाईत ३ आणि ४ यांची अदलाबदल झाली तर बेरीज २०६ होते, बाकी ८, आणि नववा अंक ३ हवा. पावतीवर मात्र ५ आहे. खोटेपणा उघड! बहुतेक चुका अशा पकडल्या जातात. पडद्यावर ‘क्रमांक अवैध’ असे आले तर टपाल हरवले असे मुळीच नसते. आकडा उतरवताना चूक झालेली असते. मधल्या नऊ जागी अक्षर येऊच शकत नाही, म्हणून तेथे दिसणारा वाटोळा आकार नेहमी शून्यच असतो. आणि अखेरचा ‘आय’ हा एक हा अंक नसतो. निम्म्या तक्रारी येथेच मिटाव्यात.

क्रमांक बरोबर आहे, तरी नोंदच नाही? तर एक शक्यता अशी की पाठवणाऱ्या दुकानाने चिठ्ठी छापली, पण वस्तू अजून टपालाच्या हाती दिलेली नाही. क्रमांक जन्मला, पहिली सही व्हायची आहे. अशा वेळी चौकशी पोस्टात न करता दुकानाकडे करावी.

सर्वांत जास्त घबराट होते ती मधल्या मौनाने. ‘थैली रवाना’ असे लिहून येते आणि मग दोन-तीन दिवस काहीच नाही. याचे कारण आरएमएसइतके जुने आहे. वाटेत प्रवास करते ती थैली, टपाल नव्हे. थैली बांधताना आतल्या वस्तूंची यादी होते. त्यानंतर जी नोंद होते ती थैलीची. ती उघडून वस्तू पुन्हा एकेक वाचली जाईपर्यंत वस्तूला स्वतःचा आवाज नसतो. म्हणून मौन म्हणजे हरवणे नव्हे. ‘थैली पोचली’ असे दिसूनही वस्तूची नोंद पुढे आली नाही, तर मात्र कान टवकारावेत. जुन्या सर्च बिलावर ‘आल्याची नोंद नाही’ हा शेरा पडे, ती हीच जागा.

बपेऱ्यासारख्या गावाच्या बाबतीत शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. भारतातील टपाल कार्यालयांपैकी बहुसंख्य ही ग्रामीण भागातली शाखा कार्यालये आहेत. ती चालवणारे ग्रामीण डाक सेवक दशकानुदशके शाखेच्या थैलीबरोबर येणाऱ्या कागदी चिठ्ठीवरच हिशेब ठेवीत. त्यामुळे संगणकावरचा माग तालुक्याच्या कार्यालयापर्यंत दिसे आणि पुढे अंधार. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ प्रकल्पाने त्यांच्या हाती यंत्रे दिली. पण यंत्राला नेटवर्क लागते. सीमेवरच्या गावात दोन राज्यांचे मनोरे असूनही कधी एकाचाही आधार मिळत नाही, हे ग्रामीण वाचकांना सांगायला नको. वाटप सकाळी होते, नोंद सायंकाळी चढते. उलटही घडते: नोंद ‘दिले’ अशी होते आणि वस्तू अजून पिशवीत असते. तेव्हा प्रश्न ‘कधी दिले’ असा विचारू नये. ‘कोणी सही केली’ असा विचारावा. पोचपावतीची प्रत मागण्याचा पाठवणाऱ्याचा हक्क त्यासाठीच आहे.

घर बंद असले तर वस्तू साधारणपणे सात दिवस कार्यालयात थांबते, मग परत फिरते. परदेशी टपालाची चौकशी पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत पाठवणाऱ्याच्या देशातून सुरू करावी लागते. परदेशी शिकणाऱ्या मुलाने आईला पाठवलेले पार्सल अडकले, तर तुमसरच्या खिडकीशी हुज्जत घालून उपयोग नसतो. मुलानेच तिकडे अर्ज करायचा असतो.

२०२५ मध्ये रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. नोंदणी उरली ती जोडसेवा म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यात टपाल खात्याने ‘डिजिपिन’ जाहीर केला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने तयार झालेली ही दहा खुणांची पद्धत साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडते. बपेऱ्यातल्या एखाद्या घराच्या ओसरीलाही आता स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो सिहोरा कोणते, हे विचारतच नाही. पाकिटावर मात्र अजूनही नाव, वडिलांचे नाव, आणि खाली ‘मारुतीच्या देवळाजवळ’ असेच लिहिलेले असते. थैली उघडणाऱ्या डाक सेवकाला तेवढे पुरते.